हिरव्या ठिपक्याआडचं हाड

गेल्या दशलक्षणात भाची एक डबा घेऊन आली. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'व्हेज कोलॅजन', खाली हिरवा ठिपका, बाजूला पानाचं चित्र. "मावशी, तुझ्या गुडघ्याला चांगलं. आणि आपल्याला चालतं." किंमत विचारली, तर आमच्या घरच्या महिन्याच्या किराणाच्या जवळपास.

मी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. क जीवनसत्त्व, बांबूचा अर्क, काही अमिनो आम्लं. कोलॅजन? कणभरही नाही. म्हणजे ठिपका खरा आणि नाव खोटं.

जन्मभर बायोकेमिस्ट्री शिकवली आहे, तेव्हा एवढं तरी स्पष्ट सांगते: कोलॅजन झाडाला लागत नाही. ते प्राण्यांच्या शरीरातलं दोरखंड आहे. कातडी, हाड, स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा, सांध्यातली कूर्चा, सगळीकडे तेच. प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालतात आणि असे पीळ शेजारीशेजारी आडव्या बंधांनी जखडले जातात. हे बंध एका तांबंयुक्त एन्झाइममुळे सुरू होतात आणि जनावर जसं वाढतं तसे पक्के होत जातात. कोवळ्या वासराच्या कातडीतलं कोलॅजन सौम्य आम्लात बऱ्यापैकी विरघळतं. म्हाताऱ्या बैलाचं विरघळत नाही. यीस्टमध्ये जनुक घालून कोलॅजनसारखं प्रथिन करून घेता येतं हे खरं, पण भाचीच्या डब्यात तेही नव्हतं.

या बंधांतला पिरिडिनोलिन नावाचा एक बंध जपानच्या फुजिमोतो यांनी 1977 साली गाईच्या टाचेच्या कंडऱ्यातून शोधून काढला. तो तीन साखळ्यांना एका गाठीत धरतो आणि अतिनील प्रकाशात चमकतो. नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांवर दिवसभर शिजवला, प्रथिनाचा पार चुरा केला, तरी ही गाठ शाबूत राहते. हाडात आणि कूर्चेत ती भरपूर, कातडीत जवळजवळ नाहीच. हायड्रॉक्सीप्रोलिन वनस्पतींच्या पेशीभित्तीतही सापडतं, त्यावरून कुणी फसू शकेल. पिरिडिनोलिनवरून फसणार नाही. रेणूला जात नसते, असं आमचे विज्ञानवाले सहकारी मला हसून सांगायचे. जात नसेल, पत्ता असतो. हा हाडाचा, हा कातड्याचा, हा कोवळ्याचा, हा जुन्याचा.

आता तुम्ही म्हणाल, बाई जैन आणि हे सगळं इतकं बारीक कसं ठाऊक? हा प्रश्न मला बेळगावात चाळीस वर्षं विचारला गेलाय, लग्नात, मर्तिकात, बस्तीच्या पायरीवर. उत्तर एकदाच लिहून टाकते.

धारवाडला शिकत होते तेव्हा मला गँग्लिओसाइडांवर काम मिळालं. ही चेतापेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं, साखरेची शेपटी लावलेली. जर्मनीच्या क्लेंक यांनी 1942 मध्ये त्यांना हे नाव दिलं. ती काढायची कशातून? मेंदूतून. शिपाई सकाळी बर्फाच्या डब्यातून मेंढ्याचा मेंदू आणायचा. तो क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये घुसळायचा, गाळायचा, पाणी घालून ठेवून द्यायचा. दोन थर वेगळे होत. चरबी खाली, गँग्लिओसाइडं वरच्या पाण्यात. मग काचेच्या पट्टीवर थेंब, रिसॉर्सिनॉलचा फवारा, भट्टीची ऊब, आणि एकाखाली एक जांभळ्या रेघा. सुंदर दिसायच्या, खोटं का बोलू?

पहिल्या सुट्टीत घरी आले आणि आज्जीला सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती.

"कुणी मारलं?"

"खाटकानं. खाण्यासाठीच मारलेलं होतं आज्जी, आम्ही फक्त मेंदू घेतला."

"फुकट दिला?"

"नाही. पैसे दिले."

"मग माझा हात नाही असं म्हणू नको."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं, आता शिक्षण बंद. शेवटी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "जाणार असशील तर डोळे उघडे ठेवून जा. आणि मोजत जा."

मी मोजले. दोन वर्षांत सतरा मेंदू. वहीत तारखांसकट आहेत. दरवर्षी क्षमावाणीला ते पान मी उघडते. ते काम बरोबर होतं असा माझा दावा नाही. माझा दावा एवढाच आहे की माझा आकडा मला ठाऊक आहे. पायरीवर मला अडवणाऱ्यांनो, तुमचा तुम्हाला ठाऊक आहे?

तुमचा आकडा कुठे आहे ते मी दाखवते. औषधांच्या डब्यात. बहुतेक कॅप्सुलांचं टरफल जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन म्हणजे उकळून सुटं केलेलं कोलॅजन. गाईम्हशींची हाडं फोडून पातळ आम्लात टाकतात, त्यातला चुना-फॉस्फेट निघून जातो. उरतं ते मऊ ऑसीन. मग ते आठवडेच्या आठवडे चुन्याच्या निवळीत मुरवतात. कशासाठी? ते आडवे बंध सैल व्हावेत म्हणून. त्यानंतर गरम पाण्यात उतरवलं की पारदर्शक, बिनवासाचं, बिनचवीचं जिलेटिन. इतकं निर्मळ दिसतं की कुणाला हाड आठवू नये.

आणि कायदाही आठवण करून देत नाही. खाण्याच्या पाकिटावर 2001 पासून शाकाहारी-मांसाहारी खूण सक्तीची आहे. औषधावर नाही. म्हणजे जिलेटिन मुलांच्या चघळायच्या गोळीत आलं तर तपकिरी खूण, आणि तेच तापाच्या कॅप्सूलमध्ये आलं तर काहीच नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 2002 मध्ये सांगितलं होतं की जीव वाचवणारी औषधं सोडून बाकीच्यांवर अशी खूण हवी, कारण आपण काय घेतोय हे कळण्याचा माणसाला हक्क आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. असा नियम करणं सरकारचं काम, न्यायालयाचं नव्हे. ठीक आहे. मग सरकारनं करावा. झाडाच्या सेल्युलोजपासून केलेली कॅप्सूल बाजारात आहे. महाग आहे, पण आहे.

पण सरकारला बोलण्याआधी मला आपल्याच माणसांशी भांडायचंय. आपल्याकडे व्याख्यानात कांदा, बटाटा, रात्रीचं जेवण, अळणी-निर्जळी यांवर तासन्‌तास चर्चा होते. होऊ दे. पण मी एकदा महिला मंडळात कॅप्सूलचा विषय काढला तर एक काकू कानावर हात ठेवून म्हणाल्या, "नको गं बाई सांगू. कळलं की घेता येणार नाही." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. कृत, कारित, अनुमोदित हे आपण पाठशाळेत घोकलंय. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, केलेल्याला मान डोलावणं. तत्त्वार्थसूत्र हिंसेचा विचार प्रमादापाशी, बेसावधपणापाशी सुरू करतं. मग जाणूनबुजून बेसावध राहणं याला काय म्हणायचं? कळलं नाही तोवर पाप नाही, ही अहिंसा नव्हे. ही सोय आहे. आणि त्याच सोयीवर तो डबेवाला जगतो. त्याला माहीत आहे की आपण पुढचा ठिपका बघतो, मागची अक्षरं वाचत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मला मान्य नाही. आजाऱ्याला कॅप्सूलवरून छळणारे लोक मी पाहिलेत. सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचे पाय चार दिवसांत लुळे पडले. आधी जुलाब झाले होते. अशा जुलाबाच्या काही जंतूंचं आवरण आपल्या नसांतल्या गँग्लिओसाइडांसारखं दिसतं. शरीर जंतूवर शस्त्र उगारतं आणि ते आपल्याच नसांवर पडतं. डॉक्टरांनी गँग्लिओसाइडविरोधी प्रतिद्रव्यांची तपासणी लिहून दिली. त्या तपासणीत लागणारं शुद्ध गँग्लिओसाइड बहुतेक वेळा गाईच्या मेंदूतून काढलेलं असतं. हे त्या वॉर्डात मला ठाऊक होतं, वहिनीला नव्हतं. मी तिला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "करा." मी सही केली. भाऊ आज काठी न घेता चालतो. त्या सहीचा मला पश्चात्ताप नाही, पण ती वहीत आहे. गरज असेल तर घ्यावं, आणि काय घेतलं ते कळलेलं असावं. चेहऱ्याची सुरकुती ही तशी गरज नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कॅप्सूलचं टरफल कशाचं आहे ते औषधाच्या पट्टीवर छापा. ज्या डब्यात कोलॅजन नाही त्यावर कोलॅजन लिहू नका. आणि आपण डॉक्टरांना एक वाक्य विचारायला शिकूया: "हेच औषध साध्या गोळीत मिळेल का?" पुष्कळदा मिळतं. मात्र आपल्या मनानं कॅप्सूल फोडून आतली पूड घेऊ नका. काही औषधं पोटातल्या आम्लापासून वाचावीत म्हणूनच तशी भरलेली असतात. सोवळं सांभाळताना औषध वाया जायचं.

भाचीला मी डबा परत नेऊन द्यायला सांगितलं. शरीर आपलं कोलॅजन आपणच विणतं. त्याला डाळीतली अमिनो आम्लं लागतात, आवळ्या-लिंबातलं क जीवनसत्त्व लागतं. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे जाईन, म्हटलं.

ती थोडी खट्टू झाली. मग माझ्या टेबलावरची पट्टी उचलून म्हणाली, "आणि मावशी, ही तुझी दर रविवारची ड जीवनसत्त्वाची?"

"जिलेटिनची आहे," मी म्हटलं. "आणि आतलं ड-तीन बहुधा मेंढीच्या लोकरीच्या तेलातून केलेलं. जानेवारीपासून बावीस झाल्या."

"मग?"

"मग काय? हेच औषध पुडीत मिळतं. टरफल तरी वाचेल. उद्या डॉक्टरांना विचारते."

तिनं पट्टी खाली ठेवली आणि पर्समधून स्वतःच्या गोळ्या काढून मागची अक्षरं वाचायला लागली. तिला चष्मा लागला. मी माझा दिला.