लाथ मारणारे आणि लाथ आवरणारे

परवा एक गृहस्थ बारा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. तायक्वांदोच्या सरावात कानशिलावर लाथ बसलेली. मिनिटभर पोराला काही सुचेना, रात्री दोनदा उलटी झाली. वडिलांचा प्रश्न एकच, "डॉक्टरसाहेब, रविवारी स्पर्धा आहे, जाऊ देऊ ना?" मी आधी जिल्ह्याला सी.टी. स्कॅनसाठी पाठवले. सुदैवाने स्कॅन चांगला निघाला. तरीही स्पर्धा बंद, असे मी सांगितले.

गृहस्थ नाराज झाले. 'ही दोन हजार वर्षांची कोरियन विद्या, मार खाल्ल्याशिवाय येत नाही', असे क्लासात सांगितले होते म्हणे! वाचकहो, तायक्वांदो हे नाव १९५५ सालचे. १९४५ मध्ये जपानी अंमल संपल्यावर कोरियात ज्यांनी आखाडे काढले, त्यांतले बरेच जण कराटे शिकलेले होते.

त्या देशातली जुनी पायांची विद्या वेगळी. तिचे नाव ताएक्क्यॉन. जपानी अमलात ती जवळजवळ विझली. साँग डॉक-गी (१८९३-१९८७) या म्हाताऱ्या उस्तादाने ती जपली, १९८३ मध्ये सरकारने तिला सांस्कृतिक वारसा ठरवले आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत ती आली. गुडघे लवचिक ठेवून त्रिकोणात पावले टाकायची, डोलत डोलत समोरच्याचा तोल घालवायचा. चित्रफीत पाहताना मला तर लेझीमच आठवली. पाय तिथेही तोंडापर्यंत जातो, नाही असे नाही. पण समोरच्याला इजा न करता माघार घ्यायला लावतो तो खरा उस्ताद, अशी त्यांची धारणा. आपल्या क्लासात मात्र डोक्यावरच्या लाथेला छातीवरच्या लाथेपेक्षा जास्त गुण, हेच मुलांना आधी कळते.

मी व्यायामाच्या विरुद्ध नाही. पोरांनी घाम गाळावा, जरूर गाळावा. पण डोक्याला मार बसून भोवळ आली, उलटी झाली, डोके दुखत राहिले, झोपाळूपणा वाढला, तर दवाखाना गाठा. हेल्मेट होते म्हणून निर्धास्त राहू नका. त्याने कवटी सांभाळली जाते, मेंदूला बसणारा हादरा टळेलच असे नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू शाळा, आणि त्रास पूर्ण थांबल्यावर डॉक्टरांना विचारूनच मैदान. पहिला हादरा जिरण्याआधी दुसरा बसला तर जिवावर बेतू शकते.

तो मुलगा आता शाळेत जातो. डोके अजून अधूनमधून दुखते. सोमवारी पुन्हा बोलावले आहे.