वाट मोडते आहे

‘‘वर गाडी जाते हो, मग पाय कशाला मोडून घेता?’’ गेल्या भाद्रपदात चाळीसगावात हा प्रश्न मला तिघांनी विचारला. तिघेही सुशिक्षित, सुस्वभावी आणि माझे हितचिंतक. म्हणूनच त्यांच्याशी जाहीर भांडण करणे मला अगत्याचे वाटते.

बेत साधा होता. पाटणादेवीपासून सातमाळ्याचा डोंगर चढून पितळखोऱ्याची लेणी गाठायची आणि संध्याकाळी कन्नडच्या बाजूने परतायचे. वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवले, पाठीवरच्या पिशवीत कळण्याची भाकरी, ठेचा आणि पाणी घेतले, नि निघालो. ढग इतके खाली उतरले होते की साग, धावडा, सालई ही झाडे दहा पावलांवर पुसून जात. ओढ्याकाठची पायवाट दोनदा गवतात हरवली. तिसऱ्यांदा हरवली तेव्हा एक म्हातारा गुराखी भेटला. त्याने काठीने दिशा दाखविली आणि हसून म्हणाला, ‘‘आते कोन चालस, भाऊ? बठ्ठा गाडीवर जातस.’’

माझ्या हितचिंतकांना जी प्रगती वाटते तिचा जमाखर्च त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात मांडला. रस्ता ठेकेदार बांधू शकतो. वाट मात्र चालणाऱ्याच्या पायांवरच जगते. चार पावसाळे कोणी फिरकले नाही की ती मोडते.

आणि ही काही काल-परवाची वाट नव्हे. पितळखोऱ्याची लेणी कोरण्यास ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात आरंभ झाला. तेथील शिलालेखांत पैठणच्या दात्यांची नावे आहेत. तेथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव कोरले आहे. मूर्ती आज दिल्लीच्या संग्रहालयात आहे. पायथ्याच्या पाटणा गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला, त्याला दिलेल्या दानाचा लेख १२०७ सालचा. ते व्यापारी, ते भिक्षू, ते विद्यार्थी काय मोटारीतून आले? पाठीवर ओझे घेऊन डोंगर ओलांडणे ही विलायती हौस आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपलाच इतिहास वाचलेला नाही.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांनी, अधूंनी लेणी पाहू नयेत काय? जरूर पाहावीत, कन्नडच्या बाजूने रस्ता आहे, पायऱ्या आहेत, त्यांवर माझा राग नाही. वाडीवस्तीवरच्या बाळंतिणीसाठी रस्ता हवा, तोही आजच हवा. माझे भांडण आहे ते धडधाकट माणसाशी. दुपारी मी वर पोहोचलो तेव्हा अशी एक मंडळी गाडीतून उतरली होती. चैत्यासमोर फोटो झाले, पाव तासात पाय परत वळले. जाता जाता एकाने मला विचारले, ‘‘खाली काही पाहण्यासारखे आहे का?’’ सगळे खोरे ढगांत उकळत होते, आणि हा गृहस्थ मला ‘काही’ विचारत होता!

माझा भाचा जळगावचा. तो पाठीवर पिशवी टाकून मध्य अमेरिकेत कोस्टा रिकाला जाऊन आला. मोंतेवेर्दे येथील ढगांत बुडालेल्या अरण्यातून दिवसभर हिंडला. पाटणादेवीचा डोंगर त्याने अजून चढलेला नाही, ते असो. पण त्याच्या मोंतेवेर्देची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९५१ मध्ये तेथे अमेरिकेतून आलेले क्वेकर पंथाचे लोक वसले. गावाचे पाणी जेथून येते ते माथ्यावरचे रान त्यांनी राखून ठेवले. पुढे प्रवाशांची रीघ लागली, तरी गावातील कित्येकांनी वर्षानुवर्षे सडक पक्की करण्यास विरोध केला. अलीकडे ती पक्की झाली. पण सडक कशासाठी आणि कोणासाठी, हा प्रश्न तेथे निदान विचारला तरी गेला.

आपण तो विचारणार आहोत काय? ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर-डोंगरीचे पाणी चाळीसगावात शिरले. पाऊसच अफाट होता, हे मला मान्य. परंतु आपले पाणी कोणत्या उतारावरून येते हे त्या दिवशी गावाला कळले. तो उतार ज्याने पायाखाली घातला नाही, त्याला उद्या तेथे वाहनतळासाठी डोंगर कापू लागले तर काय जाणार आहे? हरकत घ्यायला उठणार कोण? ओळखीच्या जागेसाठीच माणूस भांडतो. आणि ओळख गाडीच्या काचेतून होत नाही.

म्हणून हितचिंतकांना माझे उत्तर एवढेच: पाय मोडले तर बरे होतात. वाट मोडली की ती दाखविणारा गुराखीही एक दिवस उरत नाही. येत्या पावसाळ्यात मी पुन्हा जाणार आहे. भाच्याला बजावून ठेवले आहे. तुम्हीही या, भाकरी मी आणीन.