मूत्रपिंडविकार आणि कोलेस्टेरॉल

दिल्लीच्या पहाडगंजातील छोले-भटुऱ्यांच्या तळणीस कोलेस्टेरॉलचा सारा दोष देणे सोपे आहे. परंतु जीर्ण मूत्रपिंडविकारात शरीरातील मेदाची व्यवस्थाच बिघडते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ प्रयोगात ९,००० हून अधिक रुग्ण होते. सिम्वास्टॅटिन व एझेटिमाइब घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर आघात सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळले. उलट, डायलिसिसवरील मधुमेही रुग्णांना अटॉर्व्हास्टॅटिन दिलेल्या २००५ च्या जर्मन प्रयोगात लक्षणीय लाभ दिसला नाही. यास्तव पन्नाशीनंतर हा विकार आढळल्यास, कोलेस्टेरॉलचा आकडा चढण्याची वाट न पाहता, डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टॅटिन घेणे इष्ट होय. चालू औषध डायलिसिस लागले म्हणून आपण होऊन सोडू नये. तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही.