वल्हे कोणाच्या हाती होते?

एखाद्या चित्रपटाने रक्तपाताच्या जोरावर पैसा मिळवला की त्याचा दुसरा भाग निघतो, हा हॉलिवूडच्या भांडवली चित्रव्यवसायाचा नियमच होय. झॅक स्नायडर यांच्या २००६ सालच्या ‘३००’नंतर २०१४ साली नोम मुरो दिग्दर्शित ‘३०० : राइझ ऑफ ॲन एम्पायर’ आला, तो याच नियमाने. पहिल्या भागात थर्मोपिलीची खिंड आणि स्पार्टाचे योद्धे होते, दुसऱ्यात इ. स. पू. ४८० मधील सालामिसचे आरमारी युद्ध आहे व अथेन्सचा थेमिस्टोक्लीस त्याचा नायक आहे.

चित्रपटाच्या जमेच्या बाजू मान्य केल्या पाहिजेत. खवळलेला समुद्र, एकमेकांवर आदळणारी जहाजे आणि त्यांची व्यूहरचना यांचे चित्रण प्रभावी आहे. इव्हा ग्रीन यांनी रंगवलेली आर्टेमिसिया तर नायकालाही झाकोळून टाकते. ग्रीक सैनिकांनी तिचे कुटुंब मारले आणि तिला गुलाम केले, असे चित्रपट दाखवतो. म्हणजे शत्रूच्या द्वेषालाही कारण असते, एवढे तरी येथे कबूल केले आहे. पहिल्या भागात तेही नव्हते.

परंतु इतिहासाची मोडतोड उघड आहे. पर्शियाचा सम्राट दरायस मॅरेथॉनच्या रणभूमीवर बाण लागून घायाळ होतो व त्यातच मरतो, असे पडद्यावर दिसते. वस्तुतः तो त्या लढाईनंतर चार वर्षांनी, इ. स. पू. ४८६ मध्ये मरण पावला. सालामिसला लढू नये असा सल्ला आर्टेमिसियाने दिला होता आणि ती तेथून जिवंत परतली, असे हिरोडोटस सांगतो. चित्रपट तिला युद्धपिपासू ठरवून ठार मारतो. पर्शियन सेना म्हणजे चेहरा नसलेला जमाव. त्याच सेनेत सुती वस्त्रे नेसलेले, वेताची धनुष्ये घेतलेले भारतीय सैनिकही होते, अशी हिरोडोटसचीच नोंद आहे, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तथापि, खरा दोष याहून खोल आहे. पर्शियन जहाजांवर साखळदंडातले गुलाम चाबकाखाली वल्ही मारतात आणि ग्रीक जहाजांवर स्वातंत्र्य लढते, अशी सोपी विभागणी चित्रपट करतो. अथेन्सच्या प्रत्येक युद्धनौकेवर सुमारे १७० वल्हेकरी असत. त्यांतील पुष्कळसे चिलखत विकत घेण्याची ऐपत नसलेले गरीब नागरिक होते. सालामिसचा विजय त्यांच्या दंडांनी मिळवला, आणि पुढील काळात अथेन्सच्या लोकशाहीत या वर्गाचे वजन वाढले, त्याचे एक मोठे कारण हेच होते. जहाजे जे वल्हवतात तेच नगराला सामर्थ्य देतात, ही गोष्ट त्या काळच्या एका लोकशाहीविरोधी लेखकानेही नाखुशीने का होईना मान्य केली आहे. चित्रपटात मात्र हे वल्हेकरी केवळ पार्श्वभूमी आहेत. विजय मिळवतात ते पिळदार छातीचे वीर आणि ऐन वेळी धावून येणारी स्पार्टाची राणी.

दुसरे मौन याहूनही बोलके आहे. ते आरमार उभे राहिले लॉरिऑनच्या खाणींतील चांदीवर. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तेथे मोठा साठा सापडला आणि तो पैसा नागरिकांत वाटण्याऐवजी जहाजांवर खर्च करावा, हे थेमिस्टोक्लीसने लोकांच्या गळी उतरवले. त्या खाणींत राबत होते ते प्रामुख्याने गुलाम. स्वातंत्र्याच्या युद्धाचा खर्च दास्याच्या श्रमातून निघाला, हा इतिहासातील अंतर्विरोध एखाद्या समर्थ कलाकृतीचा गाभा ठरला असता. त्याच्या जागी प्रेक्षकाच्या वाट्याला येतात संथगतीने उडणारे रक्ताचे फवारे.

युद्धानंतर अवघ्या आठ वर्षांनी, इ. स. पू. ४७२ मध्ये, इस्किलसने ‘पर्शियन’ हे नाटक अथेन्समध्ये रंगवले आणि पराभूत शत्रूच्या राजमातेचा शोक आपल्याच नगरापुढे मांडला. त्या प्रेक्षकांत सालामिसचे कित्येक वल्हेकरी बसले असतील. ज्यांनी स्वतः युद्ध केले त्यांना शत्रूचे अश्रू समजले. ज्यांनी केवळ त्याचे तिकीट विकले, त्यांना ते दिसलेच नाहीत.