मिरगाआधीची बेगमी

ऑगस्ट २००९. पुण्यात जो तो रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून हिंडत होता. ३ तारखेला शहरातली एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला तो पहिला बळी. मग शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा. आमची आत्या दर पाच मिनिटांनी पुरचुंडी हुंगायची आणि आम्हालाही हुंगायला लावायची. तिला हसण्यात अर्थ नव्हता. हातात दुसरं होतंच काय? नवा विषाणू एप्रिलमध्ये सापडला होता. लस करायची तर तो कोंबडीच्या अंड्यांत वाढवायचा, निष्प्रभ करायचा, तपासायचा, यात सहाएक महिने जातात. साथ तेवढा वेळ थांबत नाही.

१९१८ मध्ये तर तेवढीही आशा नव्हती. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने पडले. पहिली लाट ओसरली, लोक निवांत झाले, आणि दुसरी आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेली. ती कशाने गेली हेसुद्धा तेव्हा नीट कळलं नव्हतं. माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये.

आपल्याला सगळं कळलंय. म्हणूनच २०१० ची सल जात नाही. त्या जुलैत लस आली. कुठून, तर पुण्यातल्याच हडपसरहून, घरच्या अंगणातून! नाकात फवारायची, सुईसुद्धा नाही. पण तोवर पुरचुंड्या सुटल्या होत्या, मास्क खुंटीला लागले होते. ‘आता कुठली साथ?’ असं विचारणाऱ्यांत मीही होतो. देशात स्वाइन फ्लूने २००९ साली ९८१ माणसं दगावली आणि २०१० साली १,७६३. त्यातली बरीच लस येण्याआधीची, मान्य. तरीही आपली भीती ओसरली म्हणून साथ ओसरत नाही, एवढं त्या आकड्यांवरून दिसतं. २०१५ मध्ये ती पुन्हा आली आणि एकट्या महाराष्ट्रात नऊशेच्या आसपास लोक दगावले.

त्याच वर्षी राज्य सरकारने गरोदर बायका, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. वाचवायची आहे ती ही सोय. सरकारी योजना कशी मरते ते आपण जाणतोच. बंद करण्याचा आदेश कोणी काढत नाही. मागायला कोणी येत नाही म्हणून साठा ‘पुरेसा’ ठरतो, पुढच्या वर्षी निम्मा येतो, मग यायचाच थांबतो. आणि साथ आली की आपणच टीव्हीसमोर बसून विचारतो, लस कुठाय?

आत्याला वीस वर्षांचा मधुमेह. तिचं म्हणणं, “मला मेलीला साधी सर्दी होत नाही. आणि लस घेऊनही लोकांना होतोच की फ्लू!” होतो. लसीतला विषाणू साथीतल्या विषाणूशी चांगला जुळला त्या वर्षीसुद्धा ही लस फ्लूपायी डॉक्टरकडे जायची वेळ ४० ते ६० टक्केच टाळते. पण छत्री घेऊनही पाय भिजतात, म्हणून कोणी छत्री घरी ठेवून जात नाही. लस घेतलेल्याला फ्लू झालाच, तरी तो अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो. त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, कधी अंग कसकसतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विसरायला होतं.

आणि हे काही आपल्यापुरतंच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीतून, आणि त्याला उचलून घेणाऱ्या आजी-आजोबांनी घेतलेल्या लसीतून. २००९ च्या साथीने म्हाताऱ्यांपेक्षा तरण्याताठ्यांना आणि गरोदर बायकांना जास्त छळलं, हेही लक्षात असू द्या.

आपल्याकडे फ्लू पावसात उसळतो, आणि लसीचा जोर अंगात यायला दोन आठवडे लागतात. विषाणू रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षी नवी. तेव्हा वेळ मे महिन्याची. पापड-कुरडया वाळत घालतो, छत्रीच्या काड्या बदलून आणतो, पत्र्यावर प्लास्टिक टाकतो, त्याच बेगमीत ही एक सुई धरा. उद्या नवी साथ आली आणि तिची नवी लस निघाली, तर टोचणारे हात, थंड पेट्या आणि लस मागायची सवय, सगळं आधीपासून चालू असलेलं लागेल. ते ऐनवेळी उभं राहत नाही.

या मेमध्ये जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. घरातल्या मधुमेहाच्या माणसाला, दिवस गेलेल्या सुनेला सोबत न्या. फ्लूची लस आहे का, विचारा. ‘संपलीय’ म्हणाले तर कधी येणार ते विचारा, नाव-नंबर लिहून घ्या म्हणा, आणि पुढच्या सोमवारी परत जा. आत्या माझ्याबरोबर येणार आहे. पुरचुंडी घेऊन.