भिवानी आणि भिवंडी

नावांत फरक एका अक्षराचा, बॉक्सिंगमध्ये जमीन-अस्मानाचा. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारताचे पाच बॉक्सर गेले, त्यांतले चौघे हरियाणातल्या भिवानीत तयार झालेले. त्या चौघांपैकी विजेंदर सिंहने ७५ किलो गटात कांस्यपदक मिळवले. भारतीय बॉक्सिंगचे ते पहिले ऑलिम्पिक पदक. वडील हरियाणा रोडवेजचे बसचालक.

आमच्या दिघाशीच्या पोरांना मात्र पदक ठाऊक नसते, पट्टा ठाऊक असतो. मोबाईलवर तोच दिसतो. "सर, खरा पैसा प्रोफेशनलमध्येच ना?" असे विचारतात. विजेंदर २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून त्याने डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक किताब जिंकला. (तो विभागीय किताब, जगज्जेतेपद नव्हे, पोरांना हे सांगितले की तोंडे उतरतात.) ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या वरळीत त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवले. तेव्हा डोकलामचा तणाव होता. सीमेवर शांतता राहावी म्हणून जिंकलेला पट्टा परत द्यायला तो तयार झाला. मला तो माणूस तिथे आवडला. सलग बारा लढती जिंकल्यावर मार्च २०२१ मध्ये पणजीत, कॅसिनोच्या जहाजावर, तो पहिल्यांदा हरला.

पण हा सगळा हिशेब तिशीच्या उंबरठ्यावर सुरू झालेला. त्याआधी गावाजवळचा क्लब होता, जगदीश सिंहांसारखे प्रशिक्षक होते, पुढे पोलिसातली नोकरी होती. पोरांना सांगायचे ते हे.

आपल्या समाजाला मुहंमद अलींचा अभिमान फार. १९६० चे रोमचे सुवर्ण, १९६४ चे जगज्जेतेपद सगळ्यांना पाठ. पण बारा वर्षांच्या त्या मुलाची सायकल चोरीला गेली तेव्हा तक्रार ऐकणारा पोलीस जो मार्टिन तळघरात बॉक्सिंग शिकवत होता, हे कुणी सांगत नाही. ते तळघर नसते तर?

आपल्याकडे शादीहॉलसाठी वर्गणी चटकन जमते. लग्नसराई संपली की त्याच हॉलला कुलूप. तिथे दोन पंचिंग बॅगा टांगा, एक जाणता प्रशिक्षक आणा, आणि मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा. नांदेडला लागून असलेल्या निझामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ मध्ये जगज्जेती झाली. तिला सुरुवातीला वडिलांनीच मैदानावर नेले होते.