दुबईत कंपनी काढून देतो म्हणणारे गावात फिरतायत. टोकन देण्याआधी एवढं वाचा

खारबाव (ता. भिवंडी) : गेल्या आठवड्यात सकाळी स्टेशनवर दिवा-वसई गाडीची वाट बघत उभा होतो. आमच्या आळीतला एक पोरगा जवळ आला, मोबाईल पुढे धरला आणि म्हणाला, "काका, हे बघा जरा. घ्यायचं का?" व्हॉट्सअॅपवर आलेली जाहिरात होती. साडेचार लाखांत दुबईत स्वतःची कंपनी, दोन वर्षांचा व्हिसा, तिकडचं बँक खातं, टॅक्स शून्य. खाली लाल अक्षरात 'रविवारपर्यंतच ऑफर'.

पोरगा हुशार आहे. गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, कंटेनर कसा भरतात, कागद कुठले लागतात हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या बापाला जमिनीच्या मोबदल्याचे पैसे मिळालेत. एजंट नेमका त्याच्याकडेच का आला, हे त्यावरून समजून घ्या.

आपल्या तालुक्यातून बुलेट ट्रेन जाते, मुंबई-वडोदरा महामार्ग जातो, विरार-अलिबागचा रस्ता येतोय, मालगाड्यांची वेगळी लाईन गेली, समृद्धी आमण्याला येऊन संपली. ज्याची जमीन गेली त्याच्या खात्यात एकरकमी पैसा आला, तो कोणाच्या खात्यात आला हे सगळ्या गावाला माहीत असतं. आधी चिट फंडवाले आले, मग प्लॉटवाले, मग शेअर मार्केटच्या क्लासवाले. आता 'ओव्हरसीज आंत्रप्रेन्योर'वाले आलेत. नाव नवीन आहे, पण या वेळी धंदा पूर्ण खोटा नाही. म्हणूनच जरा नीट बघायला हवं.

खरं काय ते आधी सांगतो. भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशात कंपनी काढता येते. कायद्याने परवानगी आहे आणि रिझर्व्ह बँकेचे त्यासाठी नियम आहेत. दुबईतही आता सोपं झालंय. आपल्याकडची जी माणसं आखातात नोकरीला होती त्यांना 'कफील' हा शब्द विचारा. पूर्वी तिथे फ्री झोनच्या बाहेर धंदा काढायचा तर स्थानिक अरब भागीदार लागायचा आणि ५१ टक्के वाटा त्याच्या नावावर. १ जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांसाठी ही अट गेली. फ्री झोनमध्ये तर ती आधीपासूनच नव्हती, जबल अलीचा फ्री झोन १९८५ पासून चालू आहे.

मराठी माणसाने तिकडे धंदा केला नाही असंही नाही. अल अदील मसाल्याचे धनंजय दातार सगळ्यांना माहीत आहेत. १९८४ च्या सुमारास ते दुबईला गेले, तेव्हा वडिलांचं छोटं किराणा दुकान होतं. एजंट लोक त्यांचाच फोटो दाखवतात. पण त्या दुकानात त्यांनी पोती उचलली, झाडलोट केली, तिथे राहून गिऱ्हाईक बांधलं, हे फोटोत दिसत नाही. खारबावात बसून त्यांनी लायसन्स विकत घेतलं नव्हतं.

एजंट जे बोलत नाही, ते पैसे पाठवण्यापासून सुरू होतं. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटींच्या वर, बाहेर पाठवता येतात. पण कंपनीत भांडवल म्हणून पाठवायचे असतील तर ते परकीय चलनाची परवानगी असलेल्या बँकेतूनच जायला हवेत. गावातल्या पतपेढीचं ते काम नाही. पॅन कार्ड लागतं, बँकेत 'एफसी' नावाचा फॉर्म भरावा लागतो, मग रिझर्व्ह बँकेकडून त्या गुंतवणुकीला एक नंबर मिळतो. तो नंबर पैसे जाण्याआधी किंवा जाताना घ्यायचा. नंतर सहा महिन्यांत शेअर आपल्या नावावर आल्याचा पुरावा बँकेला द्यायचा. हे नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत.

आमच्या पोराला एजंटने काय सांगितलं? "तुम्ही इथे कॅश द्या, तिकडचं आम्ही बघतो." मी त्याला तिथेच थांबवलं. असल्या गुंतवणुकीत रोख चालतच नाही. इथे रोख देऊन तिकडे कोणीतरी भरणार असेल तर ती हवाला झाली. परकीय चलनाचा कायदा मोडला तर गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. आणि नोटीस एजंटच्या नावाने येत नाही, ज्याच्या नावावर शेअर आहेत त्याच्या नावाने येते. दुसरी पळवाट म्हणजे पैसे 'फिरायला जातोय' असं दाखवून पाठवायचे. कागदावर फिरायला गेलेले पैसे उद्या कंपनीत निघाले तर उत्तर कोण देणार?

आता टीसीएस. वर्षाला १० लाखांपर्यंत बाहेर पाठवले तर काही कापत नाहीत. त्याच्या वर, अशा कामासाठी, बँक २० टक्के टीसीएस घेते. म्हणजे १५ लाख पाठवायचे तर वरच्या ५ लाखांवर १ लाख आणखी द्यावे लागतील. हे पैसे बुडत नाहीत, इन्कम टॅक्स रिटर्न भरलं की वळते होतात किंवा परत मिळतात. पण आपल्यातल्या किती जणांनी आयुष्यात रिटर्न भरलंय? शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही म्हणून कधी गरजच पडली नाही. इथे मात्र ते चालत नाही. परदेशात एक शेअर जरी नावावर असला तरी रिटर्न भरावंच लागतं, उत्पन्न असो वा नसो. सहज किंवा सुगम हे सोपे फॉर्म चालत नाहीत. परदेशी मालमत्तेचा जो वेगळा तक्ता असतो त्यात कंपनी, खातं, सगळं लिहायचं. न लिहिल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला (घर-जमीन सोडून) त्या दंडातून सूट मिळालीय, पण लिहायचं बंधन सुटलेलं नाही. तिकडच्या खात्याची माहिती इकडे कळणार नाही असं कोणी म्हणालं तर हसून सोडा. देशादेशांत खात्यांची माहिती आपोआप देण्या-घेण्याचे करार आहेत आणि अमिरात त्यात आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात आयकर खात्याने अशाच माहितीवरून लोकांना मेसेज पाठवले होते.

'टॅक्स शून्य' हे अर्धंच खरं. तिथे माणसाच्या पगारावर टॅक्स नाही, बरोबर. पण कंपनीच्या नफ्यावर जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना ९ टक्के टॅक्स लागू झालाय, ३ लाख ७५ हजार दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर. आपल्या पैशात ते ९० लाखांच्या आसपास जातं, म्हणजे सुरुवातीला कोणाला द्यावा लागणार नाही. पण नोंदणी करावीच लागते आणि वेळेत केली नाही तर १० हजार दिरहॅम दंड ठेवलाय. जाहिरातीतल्या पॅकेजच्या निम्म्याहून जास्त रक्कम झाली ही. शिवाय तुम्ही खारबावातच राहत असाल तर दुबईतल्या कंपनीने तुम्हाला दिलेला पगार किंवा डिव्हिडंड इथे करपात्र. जगात कुठेही कमावलं तरी इथल्या रहिवाशाला ते इथे दाखवावं लागतं.

साडेचार लाख हा एकदाचा खर्चही नाही. लायसन्सचं दरवर्षी नूतनीकरण, तिकडच्या हिशेबनिसाचे पैसे, इकडे सीए, आणि रिझर्व्ह बँकेसाठी बँकेत दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा वार्षिक अहवाल. अहवाल राहिला की साडेसात हजार लेट फी आणि तो भरेपर्यंत पुढचे पैसे पाठवता येत नाहीत. बँक खातं लायसन्ससोबत आपोआप येत नाही, बँक वेगळी चौकशी करते, गिऱ्हाईक कोण, माल कुठला असं विचारते, नाहीही म्हणते. व्हिसा घेऊन सहा महिन्यांच्या वर सलग इकडेच राहिलात तर तो सहसा रद्द होतो.

आणि काही एजंट सांगतात, कंपनी काढा, त्यात फॉरेक्स ट्रेडिंग करू, बसल्या जागी नफा. इथे राहणाऱ्या एकट्या माणसाला पैशाच्या व्यवहाराचा धंदा करणाऱ्या परदेशी कंपनीत असं भांडवल घालताच येत नाही. परदेशात प्लॉट घेऊन विकायचा धंदाही चालत नाही. असलं कोणी सुचवलं की चहा पाजून वाटेला लावा.

सगळ्यात मोठी गोष्ट मला जमिनीची वाटते आणि तीच कोणी बोलत नाही. समजा पोरगा खरोखर दुबईला जाऊन राहिला, धंद्यात रमला. मग तो अनिवासी झाला. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. बापाची वारसाने मिळू शकते, आधीची राहते, पण नवीन घ्यायची नाही. ज्यांची जमीन मोबदल्यात गेली आणि जे वाडा-शहापूरकडे दोन एकर बघतायत, त्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. कुटुंबात जमीन कोणाच्या नावावर घ्यायची हे पोरगा विमानात बसायच्या आधी ठरवायला हवं. पीएम किसानमध्येही अनिवासी बसत नाही, पण ते सहा हजार सोडा, सातबारा महत्त्वाचा.

दुसऱ्या देशांच्याही जाहिराती येतात. एस्टोनिया नावाचा छोटा देश २०१४ च्या डिसेंबरपासून परदेशी लोकांना 'ई-रेसिडेन्सी' कार्ड देतो, त्यावर घरबसल्या कंपनी निघते. नावात रेसिडेन्सी आहे म्हणून तिथे राहता येतं असं समजू नका, तो व्हिसा नाही. इंग्लंडमध्ये कंपनी नोंदवायची सरकारी फी २०२४ पर्यंत फक्त १२ पौंड होती, मग वाढवली. कॉम्प्युटरचं काम करून परदेशी गिऱ्हाईकाकडून पैसे घेणाऱ्या पोरांना यात कदाचित अर्थ असेल. आपले इकडचे नियम मात्र देश कुठलाही असला तरी तेच, वर लिहिलेले.

मी पोराला विचारलं, "तुला तिकडे करायचंय काय?" म्हणाला, भेंडी आणि मिरची पाठवायची. शहापूर-मुरबाडची भेंडी आखातात आणि युरोपात जाते हे त्याने गोडाऊनमध्ये ऐकलं होतं. ते खरंच आहे. मीसुद्धा भातानंतर थोडी भेंडी लावतो. काही वर्षांपूर्वी निर्यातीच्या नादात एकाला १८ हजार डिपॉझिट दिलं होतं, ते गेलं ते गेलंच. म्हणून या विषयात माझं तोंड जरा पोळलेलं आहे, हेही वाचताना लक्षात ठेवा.

पण भेंडी पाठवायला दुबईत कंपनी लागत नाही. इथे आयात-निर्यात कोड लागतो, त्याला आयईसी म्हणतात. डीजीएफटीच्या साईटवर ५०० रुपयांत निघतो. दरवर्षी एप्रिल ते जून त्यातली माहिती फुकट अपडेट करायची, नाहीतर बंद पडतो. मग अपेडाची नोंदणी. माल रोगमुक्त असल्याचा फायटो दाखला. युरोपला पाठवायची असेल तर अपेडाच्या व्हेजनेटवर शेतसुद्धा नोंदवावं लागतं, फवारणीचा हिशेब लागतो. भारत-अमिरात व्यापार करार १ मे २०२२ पासून चालू आहे. त्यामुळे बऱ्याच मालावर तिकडची ड्युटी कमी किंवा शून्य झालीय, आणि ती सवलत मिळते इथल्या मालाला, इथल्या दाखल्यावर. त्यासाठी आधी तिकडे घर करायची गरज नाही.

मग तिकडची कंपनी कोणाच्या उपयोगाची? ज्याचा माल आधीच जातोय, ज्याला तिथे स्वतःचं गोडाऊन ठेवून दुकानादुकानांत विकायचंय, आणि ज्याच्या घरचं एक माणूस तिथे राहणार आहे त्याच्या. तिथेसुद्धा एक मेख आहे. फ्री झोनचं स्वस्त लायसन्स घेतलं तर दुबईच्या आतल्या बाजारात सरळ विकता येत नाही, त्यासाठी वितरक किंवा वेगळी परवानगी लागते. पॅकेजमधलं साडेचार लाखाचं लायसन्स फ्री झोनचंच होतं. मार्केटात भेंडी विकायला ते कामाचं नाही, हे एजंटने सांगितलं नव्हतं. पोराने विचारलंही नव्हतं.

आम्ही त्या दिवशी स्टेशनच्या बाकड्यावर बसून एजंटला चार प्रश्न लिहून पाठवले. लायसन्स फ्री झोनचं की मुख्य बाजाराचं आणि त्यावर धंद्याचं नाव नेमकं काय लिहिलेलं असेल. दुसऱ्या वर्षी किती पैसे भरावे लागतील. एफसी फॉर्म कुठल्या बँकेतून भरणार. तुमची फी बँकेतून घेऊन जीएसटीचं बिल देणार का. गाडी कामण रोडला पोचायच्या आत एजंटचा फोन आला. म्हणाला, एवढं सगळं लिहून देता येत नाही, ऑफिसला या, समजावतो.

रविवार गेला. ऑफर अजून चालू आहे, आता त्यांनी ती महिनाअखेरपर्यंत वाढवलीय. पोराने टोकन दिलेलं नाही. आयईसीसाठी पॅन, आधार आणि बँकेचा रद्द केलेला चेक घेऊन तो मंगळवारी भिवंडीला सायबर कॅफेत गेला होता. बाप मात्र अजून म्हणतोय, दुबईचं नाव कार्डावर असलं तर पोराच्या लग्नाला बरं पडेल.